एसजीपीटी वाढलंय, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय: आता नेमकं काय करायचं, पायरी पायरीने

लिव्हरच्या एन्झाइम्सचे दोन रिपोर्ट समोर ठेवतो. पहिला माझा, वय ४४, एसजीपीटी ७८, एसजीओटी ५२, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २. दुसरा माझ्या मामांचा, वय ६१, जुना डायबेटिस, एसजीपीटी ३६, एसजीओटी ३८, दोन्ही लॅबच्या मर्यादेत, सोनोग्राफीत ग्रेड १. घरात सगळ्यांनी मला झापलं आणि मामांना "तुमचं काय मस्त आहे" म्हणून सोडून दिलं. प्रत्यक्षात काळजी करायची होती ती मामांची, कशी ते पुढे हिशोब करून दाखवतोच.

मी डॉक्टर नाहीये हे आधीच सांगतो. पण दीड वर्ष रिपोर्ट फाइलला लावून ठेवल्यावर जेव्हा नीट शोधायला बसलो, दोन-तीन डॉक्टरांना डोकं खाऊन खाऊन प्रश्न विचारले, तेव्हा एक गोष्ट पक्की कळली, एन्झाइम "किती" वाढलंय हा प्रश्न दुय्यम आहे. कशामुळे वाढलंय आणि लिव्हरमध्ये व्रण म्हणजे फायब्रोसिस किती झालाय, हे दोन प्रश्न खरे. खालचं सगळं या दोनच प्रश्नांची उत्तरं काढायला आहे.

आधी हे बघा: थांबायचं नाही अशी लक्षणं

डोळे किंवा कातडी पिवळी पडलीये, लघवी चहासारखी गडद होतेय, शौचाचा रंग पांढरट झालाय, उलट्या थांबत नाहीयेत, पोटात पाणी भरल्यासारखं फुगलंय, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा दिवसा झोपाळलेला आणि रात्री जागा, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, यातलं काहीही असेल तर हा लेख बंद करा आणि थेट डॉक्टरकडे जा. एन्झाइम हजाराच्या पुढे असतील तरी तेच. तो फॅटी लिव्हरचा खेळ नसतो, तिथे बहुतेक वेळा हेपेटायटिसचा ताजा व्हायरस, पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस किंवा लिव्हरचा रक्तपुरवठा अचानक कमी होणं असं काहीतरी असतं. पॅरासिटामॉलचं तर खास लक्षात ठेवा, जास्त डोस गेलेला माणूस पहिला दिवस बरा वाटत असतो, चालतो बोलतो, आणि लिव्हर आतून जात असतं, तेव्हा "अजून काही होत नाहीये ना" म्हणून वाट बघायची नाही.

पायरी १: रिपोर्ट वाचायला शिका

"लिव्हर फंक्शन टेस्ट" हे नावच थोडं फसवं आहे. एसजीपीटी (नवीन रिपोर्टवर एएलटी लिहितात) आणि एसजीओटी (एएसटी) ही एन्झाइम्स पेशींच्या आतली, पेशीला इजा झाली की रक्तात झिरपतात. म्हणजे ती इजा सांगतात, लिव्हर काम किती करतंय ते सांगत नाहीत. काम कळतं अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि आयएनआर म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, यांवरून. एसजीपीटी १०० आणि बाकी तिन्ही उत्तम असा माणूस ठणठणीत फिरत असतो, आणि उलट सिरॉसिस (व्रणांनी लिव्हर आकसून कडक होणं) पुढे गेलेल्या लिव्हरचं एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं, कारण झिरपायला तेवढ्या पेशीच उरलेल्या नसतात.

नॉर्मलची मर्यादा हाही एक घोळ. लॅब ४०, ४५, कधी ५५ पर्यंत नॉर्मल छापते, पण अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत खरी निरोगी मर्यादा पुरुषांसाठी २९ ते ३३ आणि बायकांसाठी १९ ते २५ युनिट धरलीये. म्हणजे ज्या बाईचं एसजीपीटी ३८ आलंय आणि रिपोर्टवर कुठलाच बाण नाही तिनेही खालच्या पायऱ्या वाचायला हरकत नाही.

आता पॅटर्न. एसजीपीटी-एसजीओटी जास्त वाढलेत आणि अल्कलाइन फॉस्फटेज जवळपास ठीक आहे तर इजा लिव्हरच्या पेशींना आहे. उलट अल्कलाइन फॉस्फटेजच जास्त वाढलंय तर पित्ताच्या वाटेत अडथळा किंवा आजार, मग खडा, पित्तनलिका तिकडे बघायचं. पण अल्कलाइन फॉस्फटेज हाडातूनही येतं, वाढत्या वयाच्या मुलांत आणि गरोदरपणात ते वाढलेलंच असतं, त्यामुळे सोबत जीजीटी हे अजून एक एन्झाइम बघतात, तेही वाढलं असेल तर लिव्हर, नसेल तर बहुधा हाड. आणि एन्झाइम सगळी नॉर्मल, फक्त बिलिरुबिन दीड-दोन, उपाशी राहिलं की अजून वाढतं, तेही इनडायरेक्ट, असं असेल तर बऱ्याचदा गिल्बर्ट सिंड्रोम निघतो, तो निरुपद्रवी असतो, आयुष्यभर काही करायला लागत नाही.

दोघांचं गुणोत्तरही बघा. साध्या फॅटी लिव्हरमध्ये सहसा एसजीपीटी एसजीओटीपेक्षा जास्त असतं, माझं तसंच होतं. एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीपेक्षा जास्त असेल तर दारूचा संशय येतो, आणि दारूत गंमत अशी की एसजीओटी ३०० च्या वर सहसा जात नाही. फॅटी लिव्हरवाल्या माणसात एसजीओटी हळूहळू एसजीपीटीच्या पुढे जायला लागलं तर मात्र फायब्रोसिस वाढतोय का ते तपासायचं. मामांचे आकडे परत बघा, ३८ आणि ३६. नॉर्मल, पण उलटे.

पायरी २: टेस्ट परत करा, पण नीट

एकाच आकड्यावरून काहीच ठरवू नका. किंचित वाढ असेल, लक्षणं नसतील, तर काही आठवड्यांनी परत करतात, किती ते डॉक्टर सांगतील. परत करताना मधल्या काळात दारू बंद, नको त्या गोळ्या बंद (डॉक्टरने दिलेल्या नव्हे, त्या पुढे येतात), ताप-सर्दी उतरलेली, आणि आठवडाभर जड व्यायाम नाही.

शेवटचं लोकांना माहीतच नसतं. एसजीओटी स्नायूंतही भरपूर असतं आणि एसजीपीटीही थोडंफार असतं. माझ्या एका मित्राने जिमच्या पहिल्याच आठवड्यात पाय इतके मारले की जिना उतरताना कठडा धरायला लागत होता, आणि नेमकी तेव्हाच ऑफिसची वार्षिक तपासणी, एसजीओटी १४०, एसजीपीटी ७०. बिचारा हेपेटायटिसच्या टेस्ट करत बसला. शेवटी कोणीतरी सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) करायला सांगितलं, ते हजारांत आलं, म्हणजे माल सगळा मांडीतून आलेला, लिव्हरचा काही संबंधच नाही. एसजीओटी जास्त आणि जीजीटी नॉर्मल असेल तर सीपीके करून घ्याच, स्वस्तातली टेस्ट आहे आणि पुढची धावपळ वाचते.

पायरी ३: घरातल्या सगळ्या गोळ्या, पावडरी टेबलावर काढा

खरंच काढा, डोक्यात यादी करू नका, अर्धं विसरायला होतं. गेल्या सहा महिन्यांत जे जे तोंडात गेलं ते सगळं. टीबीची औषधं (आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड), फिटची व्हॅल्प्रोएट, सांधेदुखीची मेथोट्रेक्सेट, हृदयाच्या ठोक्यांची अमिओडॅरोन, ब्रेस्ट कॅन्सरनंतरची टॅमॉक्सिफेन, बरेच दिवसांची स्टिरॉइड्स. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट ही अँटिबायोटिक तर फारच चकवा देते, कोर्स संपून काही आठवडे झाल्यावर कावीळ होऊ शकते, तोवर माणूस ती गोळी विसरलेलाही असतो. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या पुढे नाही, वजन कमी असेल किंवा रोजची दारू असेल तर त्याहूनही कमी, आणि सर्दीच्या गोळीत ते असतं, अंगदुखीच्या गोळीत असतं, तापाच्या गोळीत असतंच, तिन्ही एकदम घेणारे लोक मी बघितलेत.

औषधानंतर एसजीपीटी मर्यादेच्या तिपटीच्या वर आणि बिलिरुबिनही दुपटीच्या वर गेलं तर ते गंभीर समजतात, त्याच दिवशी डॉक्टरला फोन. पण इतर वेळी प्रिस्क्रिप्शनची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, फिटची किंवा टीबीची गोळी मधेच सोडली तर लिव्हरपेक्षा मोठा घोळ होतो.

आता पावडरी. "नैसर्गिक आहे, काय होतंय" हे वाक्य मी स्वतः वापरलेलं आहे. माझ्या टेबलावर एक फॅट बर्नरचा डबा निघाला, मागचं बारीक अक्षर मोबाइलच्या टॉर्चने वाचलं, ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट. कपातला ग्रीन टी वेगळा आणि हा अर्क वेगळा, कॅप्सूलमधल्या अर्काने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी चांगल्या माहितीतल्या आहेत. तसंच हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल (मिरीचा अर्क घातलेल्या असतील तर जास्तच), अश्वगंधा, बॉडीबिल्डिंगचे अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड्स, व्हिटॅमिन ए आणि नायसिनचे मोठे डोस. हे सगळ्यांनाच बाधतं असं नाही, पण एन्झाइम वाढलेली असताना हे सगळं बंद करून परत टेस्ट करणं हा सगळ्यात सोपा प्रयोग आहे. "लिव्हर डिटॉक्स"च्या बाटल्याही यातच धरा, एन्झाइम वाढलीत म्हणून लोक आधी तीच आणतात आणि मग कोणी काय केलं तेच कळेनासं होतं.

स्टॅटिनबद्दल मात्र उलटी भीती आहे. कोलेस्टेरॉलची ही गोळी एन्झाइम किंचित वाढवू शकते, पण फॅटी लिव्हरवाल्यांना ती सुरक्षित मानतात आणि बऱ्याच जणांना तिची गरजच असते. एसजीपीटी ६० बघून स्टॅटिन बंद करणं हे शहाणपण नाही.

पायरी ४: दारूचा हिशोब ग्रॅममध्ये

"कधीतरी घेतो", "दोनच घेतो" याला अर्थ नाही. मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.८, एवढं करा, ग्रॅम मिळतात. ४० टक्के दारू ६० मिली म्हणजे साधारण १९ ग्रॅम. ५ टक्के बिअर ५०० मिली म्हणजे २० ग्रॅम, हो, जवळपास तेवढंच, "बिअरच तर आहे" यात दम नाही. आता रोज ६० चे दोन धरले तर दिवसाला ३८, आठवड्याला साधारण २७०. पुरुषांसाठी आठवड्याला २१० आणि बायकांसाठी १४० ग्रॅम ही रेषा धरलीये, त्याच्या पुढे गेलात तर डॉक्टर तुमचं फॅटी लिव्हर निव्वळ मेटाबॉलिक (वजन, शुगर वगैरेंमुळे झालेलं) धरत नाहीत, दारूचा वाटा त्यात मोजतात. आणि ही रेषा आजाराचं नाव ठरवायला आहे, तेवढी प्यायला परवानगी म्हणून नाही. फायब्रोसिस झालेला असेल तर शून्य. मात्र वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम घरच्या घरी बंद करू नये, हात थरथरणं, भ्रम, फिट येऊ शकते, ते डॉक्टरच्या देखरेखीखाली.

पायरी ५: बाकीची कारणं रक्तातून वगळा

सोनोग्राफीत फॅट दिसलं की लोक इथेच थांबतात, पण फॅटी लिव्हर असलेल्या माणसाला हेपेटायटिस बी होऊ शकत नाही असं थोडंच आहे. हेपेटायटिस बीसाठी एचबीएसएजी आणि सीसाठी अँटी-एचसीव्ही या दोन टेस्ट आयुष्यात एकदा तरी झालेल्या हव्यातच. सी तर ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोकांत पूर्ण बरा होतो, आणि त्याचा एक प्रकार स्वतःच लिव्हरमध्ये फॅट साठवतो, म्हणजे चुकायची शक्यता दुप्पट.

मग थायरॉइड, कारण ते कमी असेल तरी एन्झाइम आणि फॅट दोन्ही वाढतात. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या वर असेल तर लोह साठण्याचा आजार शोधतात, नुसतं फेरिटिन वाढलं म्हणून घाबरायचं नाही, ते फॅटी लिव्हरमध्येही वाढतं. ऑटोइम्यून हेपेटायटिससाठी (प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते तो आजार) एएनए, स्मूथ मसल अँटिबॉडी आणि आयजीजी. माणूस तरुण असेल तर सेरुलोप्लाझमिन, विल्सन आजारासाठी, त्यात तांबं साठतं आणि वेळेत सापडलं तर औषधाने आवरतं. गव्हाने पोट बिघडणाऱ्यांत सिलिएकची टेस्ट. ही सगळी यादी पहिल्याच दिवशी करायची गरज नसते, वाढ टिकून राहिली तर करतात.

पायरी ६: फॅटी लिव्हर आहे तर ते "कोणतं" आणि किती

लिव्हरच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत फॅट असलं की फॅटी लिव्हर. साध्या सोनोग्राफीला ते वीस-तीस टक्क्यांच्या पुढे गेल्यावरच नीट दिसतं, म्हणजे सोनोग्राफी नॉर्मल आली तरी थोडं फॅट असू शकतं. आणि ग्रेड १, २, ३ म्हणजे लिव्हर पडद्यावर किती पांढरं चमकतंय एवढंच, डॉक्टरांच्या डोळ्यांनी केलेला अंदाज, माझ्याच दोन महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन सोनोग्राफींत एकदा २ आणि एकदा १ आला, मधे मी काहीही केलेलं नव्हतं. व्रण किती आहे ते ग्रेड सांगत नाही. हे वाक्य मला दीड वर्ष आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

२०२३ मध्ये या आजाराचं नाव बदललं, नॅफल्डचं मॅसल्ड झालं, म्हणजे "दारू नसलेलं" ऐवजी "मेटाबॉलिक कारणाचं". लिव्हरमध्ये फॅट, आणि सोबत यातलं किमान एक: वजन किंवा पोटाचा घेर जास्त (बीएमआय २५, आशियाई वंशाच्या लोकांत २३), उपाशी शुगर १०० किंवा एचबीएवनसी ५.७ च्या वर किंवा डायबेटिस, बीपी १३०/८५ च्या वर, ट्रायग्लिसराइड १५० च्या वर, एचडीएल पुरुषांत ४० आणि बायकांत ५० किंवा त्याहून कमी. बारीक माणसालाही होतं, हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे असेल तर विशेष.

पायरी ७: फिब-४, घरी पाच मिनिटांत

सगळ्या लेखातली कामाची गोष्ट ही. फिब-४ म्हणजे फायब्रोसिसचा अंदाज देणारा एक आकडा. त्याला चार आकडे लागतात: वय, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट्स. वय गुणिले एसजीओटी हे वर. प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ हे खाली. प्लेटलेट्स लाखात असतील तर १०० ने गुणा, माझ्या २.४ लाख म्हणजे २४०, इथेच सगळे चुकतात.

माझं: ४४ × ५२ = २२८८. खाली ७८ चं वर्गमूळ ८.८३, गुणिले २४०, म्हणजे २११९. उत्तर १.०८.

मामांचं: ६१ × ३८ = २३१८. खाली ३६ चं वर्गमूळ ६, प्लेटलेट्स १.५ लाख म्हणजे १५०, गुणाकार ९००. उत्तर २.५८.

१.३ च्या खाली असेल तर पुढे गेलेला फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी (६५ च्या पुढच्या वयात ही रेषा २ धरतात), २.६७ च्या वर असेल तर जास्त, मधे असेल तर पुढची टेस्ट. ३५ च्या खालच्या वयात हे गणित भरवशाचं नाही, आणि ताजा हेपेटायटिस चालू असताना करायचं नाही. मामांना फायब्रोस्कॅनला (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी टेस्ट) नेलं, तीन तास उपाशी, दहा मिनिटांचं काम, बरगड्यांवर टिचकी मारल्यासारखं वाटतं, बस. ८ किलोपास्कलच्या खाली आलं तर निर्धास्त, ८ ते १२ मधलं, १२ च्या वर स्पेशालिस्ट. त्यांचं ११ आलं. ज्यांचं "मस्त आहे" म्हणून सोडलं होतं ते आता लिव्हरच्या डॉक्टरकडे जातात, आणि मी वजन कमी करतोय.

पायरी ८: मग करायचं काय

वजनाचे टप्पे ठरलेले आहेत. ३ ते ५ टक्के कमी झालं की लिव्हरमधलं फॅट उतरायला लागतं, ७ ते १० टक्क्यांना सूज कमी होते, १० च्या पुढे व्रणही सुधारू शकतो. माझं ८४ किलो होतं, म्हणजे पहिला टप्पा अडीच ते चार किलोंचा, तेवढं कोणालाही जमण्यासारखं आहे. आठवड्याला एक किलोच्या पुढे जाऊ नका, उपासमार करून झपाट्याने उतरवलं तर पित्ताशयात खडे होतात आणि लिव्हरची सूज उलट वाढू शकते.

सगळ्यात आधी प्यायची साखर बंद करा. कोल्ड्रिंक, पॅकेटचा ज्यूस, घरी काढलेला ज्यूससुद्धा. फ्रुक्टोज मुख्यतः लिव्हरमध्येच जातं आणि जास्त झालं की तिथेच त्याचं फॅट बनतं, फळ चावून खाल्लं तर एवढा त्रास नाही. मी फक्त हे एक बदललं तेव्हा पहिले दोन किलो काही न करता गेले. आठवड्याला १५० मिनिटं चालणं किंवा काहीही दम लागणारं, वजन हललं नाही तरी लिव्हरमधलं फॅट त्याने कमी होतं हे विशेष. कॉफी पिणाऱ्यांत फायब्रोसिस कमी दिसतो असं बऱ्याच अभ्यासांत आलंय, तेव्हा पीत असाल तर प्या, साखर घालून नव्हे.

औषधं आहेत पण ती सूज किंवा फायब्रोसिस ठरलेल्यांसाठी, ग्रेड १ बघून घ्यायची नाहीत. रेस्मेटिरॉमला मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, सेमाग्लुटाइडला २०२५ मध्ये. व्हिटॅमिन ई जो तो लिहून देतो पण त्याचा फायदा दिसला तो बायोप्सीत सूज ठरलेल्या, डायबेटिस नसलेल्या लोकांत आणि ८०० युनिटच्या डोसला, त्याला स्वतःचे धोकेही आहेत. बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल मात्र सोडू नका, फॅटी लिव्हरवाले लोक सगळ्यात जास्त जातात ते हृदयविकाराने, लिव्हरने नाही. हेपेटायटिस ए आणि बीची लस झाली नसेल तर विचारून घ्या.

पायरी ९: परत कधी, आणि डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं

मी सहा महिन्यांनी परत टेस्ट केली, सहा किलो उतरलेलं, एसजीपीटी ३४. सोनोग्राफी अजूनही ग्रेड १ म्हणते, म्हणू दे. फिब-४ कमी असेल तर डायबेटिसवाल्यांनी एक-दोन वर्षांनी आणि बाकीच्यांनी दोन-तीन वर्षांनी परत काढायचं. सिरॉसिस ठरलेला असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कॅन्सर लवकर पकडायला, ती चुकवायची नाही.

जाताना एका कागदावर लिहून न्या: जुने-नवे एन्झाइमचे आकडे तारखेसह, फिब-४, वजन आणि पोटाचा घेर, आठवड्याची दारू ग्रॅममध्ये, सगळ्या गोळ्या-पावडरींची नावं (डबेच नेले तर उत्तम), घरात कोणाला लिव्हरचा आजार होता का. आणि मूळ रिपोर्ट न्या, फोनमधला अर्धा कापलेला फोटो नको, प्लेटलेट्सची ओळ नेमकी त्यातच गेलेली असते.